वणव्यानंतरचा डोंगर जुलैत नको, ऑक्टोबरात बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोरच्या पश्चिमेला तुमची आठ एकर मालकीची डोंगरउताराची जमीन आहे. मार्चअखेर खालच्या रस्त्याकडून वणवा आला आणि दोन-तीन तासांत सगळा उतार काळा करून कड्यापर्यंत गेला. जुलैत तुम्ही बघायला गेलात, तर इथे आग लागली होती हे कुणाला सांगितलं तरी पटू नये इतकं हिरवंगार. गावातली मंडळी म्हणतात, जळालं ते बरंच झालं, आता गवत जोमानं येईल. मुलाने अमेरिकेतल्या जंगलाचा व्हिडिओ दाखवला, त्यातही आगीनंतर जंगल नव्याने उभं राहतं असंच सांगितलेलं. आणि ओळखीतले एक गृहस्थ हजार रोपं फुकट द्यायला तयार आहेत. तेव्हा रोपं लावावीत, की आपोआप येईल ते येऊ द्यावं?

माझं उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. या पावसाळ्यात एकही रोप लावू नका. ऑक्टोबरमध्ये एक अख्खा दिवस काढून जमीन पायाखाली घाला. आणि तुमच्याकडे जो पैसा, जी माणसं आणि जो उत्साह असेल, तो सगळा पुढच्या फेब्रुवारीच्या आत पुढचा वणवा अडवण्यावर खर्च करा.

मी वनस्पतीशास्त्र शिकलेली असले तरी गेली चोवीस वर्षं माझं काम बहुतेक मुळशी, भोर, वेल्हे या पट्ट्यातल्या उघड्या पडलेल्या डोंगरांवर झालंय. त्यामुळे पुढे जे लिहिते ते या पट्ट्यापुरतं धरा. मेळघाटातलं सागाचं जंगल, कोकणातला कातळसडा, उत्तराखंडातलं चीड म्हणजे पाइनचं जंगल, यांची गणितं वेगळी आहेत. आणि तुमच्या डोंगरावरसुद्धा ओढ्याकाठी एक हिशोब आणि कातळावर दुसरा, असंच निघेल.

आता खरा प्रश्न. 'जंगल परत येईल का' असं तुम्ही विचारलंत. मी तो जरा फिरवून विचारते: याआधी इथे आग कधी लागली होती, आणि यापुढे कधी लागणार आहे? एकदा जळालेला डोंगर आणि दर दोन वर्षांनी जळणारा डोंगर पहिल्या जुलैत अगदी सारखे दिसतात. फरक दिसायला दहा वर्षं लागतात, आणि तोवर बघणारा माणूस बदललेला असतो.

त्या व्हिडिओबद्दल आधी बोलू, कारण हल्ली प्रत्येक जण मला तो दाखवतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८च्या उन्हाळ्यात प्रचंड आगी लागल्या, उद्यानाच्या क्षेत्राचा सुमारे ३६ टक्के भाग आगीखाली आला. तिथे लॉजपोल पाइन नावाचं झाड भरपूर आहे. त्यातल्या बऱ्याच झाडांची बोंडं राळेने घट्ट चिकटलेली असतात. वर्षानुवर्षं ती झाडावर बंद राहतात, आगीच्या धगीने राळ वितळली की उघडतात आणि राखेवर बियांचा सडा पडतो. म्हणजे त्या झाडाने आगीची तयारी करून ठेवलेली असते. पण ही तयारी शंभर ते तीनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या आगीसाठी आहे. १९८८ नंतर उगवलेल्या कोवळ्या पाइनमधून २०१६ साली पुन्हा आग गेली, आणि त्या जागी रोपं पूर्वीपेक्षा खूपच कमी उगवली. तेच झाड, तीच जागा, पण आग लवकर परतली. व्हिडिओत हा दुसरा भाग नसतो.

आपल्याकडे तर राळेची बोंडंही नाहीत. आपला वणवा जमिनीवरून पळतो. खाद्य काय, तर वाळलेलं गवत आणि पालापाचोळा. मोठ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत तो क्वचितच चढतो. चढावर मात्र घोड्यासारखा धावतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात आणि ते पेटायच्या आधीच तापून तयार असतं. आणि लावणारा जवळपास नेहमीच माणूस. कुठे बांध जाळताना, कुठे राब (भाताच्या रोपांसाठीची जमीन) भाजताना ठिणगी सुटते, कुणी विडी टाकतं, कुणी मुद्दाम काडी लावतं. विदर्भात मोहाखालची जमीन साफ करायला किंवा तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावतात. विजेने लागलेला वणवा मी चोवीस वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. आपल्याकडे वीज कोसळते ती बहुतेक पावसाबरोबरच.

म्हणजे जुलैत तुम्हाला जे हिरवं दिसलं ते आलं कुठून? जमिनीच्या आतून. माती उष्णतेची फार वाईट वाहक आहे. वर गवत धडाडून जळत असतं, तेव्हा चार बोटं खाली फारसा फरकच पडलेला नसतो. तिथे कंद असतात, गड्डे असतात, मुळं असतात. पहिल्या पावसाबरोबर शेवळं उगवतात ती जळालेल्या डोंगरावरही उगवतात, तुमच्या गावात भाजीला काढणाऱ्या बायकांना विचारा. रानहळद, मुसळी, कळलावी ही मंडळीसुद्धा उन्हाळाभर खालीच झोपलेली होती, त्यांना वणव्याची वार्ताही नाही. गवतांचे ठोंब वरून कोळसा झालेले असले तरी बुडाशी जिवंत असतात. तेव्हा जुलैचा हिरवा रंग बघून डोंगराची तब्येत ठरवू नका. झाडांचं काय झालं ते गवताखाली दडलेलं असतं.

झाडांची गोष्ट मला एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी शिकवली. मी नवीन होते. एका उतारावर गुडघाभर उंचीची ऐनाची 'रोपं' शेकड्याने बघून हरखले होते, वहीत पुनरुत्पादन उत्तम अशी नोंदही केली. बाबा म्हणाले, ताई, एक खणून बघा. मी टिकाव घेऊन खणलं, तर करंगळीएवढ्या फुटव्याखाली माझ्या मनगटाहून जाड, गाठीगाठींचं, जुन्या जळक्या खुणा घेतलेलं मूळ. हातभर खणलं तरी संपेना. बाबा म्हणाले, "हे पोर नाही, माझ्याएवढं म्हातारं आहे. दरसाल जळतंय आणि दरसाल उठतंय." त्या दिवसापासून मी फुटवा आणि रोप या दोन वेगळ्या रकान्यांत मोजते. तुम्हीही तसंच करा. रोप म्हणजे बी रुजून आलेला नवा जीव. फुटवा म्हणजे जुनाच जीव, पुन्हा एकदा प्रयत्न करणारा.

फुटवा ही चांगलीच गोष्ट आहे, आपल्या पानझडी जंगलाचा तोच मोठा आधार. तयार मूळ असल्यामुळे एका पावसाळ्यात फुटवा माणसाच्या कमरेपर्यंत जातो, बियाच्या रोपाला तेवढं व्हायला तीन-चार वर्षं लागतात. पण उसाचा खोडवा राखलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पहिला खोडवा चांगला येतो, दुसरा बरा येतो, मग बेटं तुटायला लागतात. मुळात साठवलेलं अन्न वापरून फुटवा उठतो, पावसाळाभर पानांनी ते फेडायचं असतं, आणि फेड पूर्ण व्हायच्या आत पुन्हा जळालं तर भांडवलात हात जातो. त्यातही एप्रिलची आग जानेवारीच्या आगीपेक्षा वाईट. जानेवारीत बुडाशी ओल असते, दंव असतं, आग रेंगाळते आणि विझते. एप्रिलपर्यंत सगळं कडकडीत वाळलेलं असतं, आणि कित्येक झाडांनी पावसाच्या भरवशावर साठा खर्चून नवी पालवी काढलेली असते. नेमकी तीच जळते.

मोठ्या झाडांचं रक्षण साल करते. ऐनाची साल बघा, मगरीच्या पाठीसारखी जाड, खवलेदार. कुंभ्याचीही जाड. गंमत म्हणजे याच कुंभ्याच्या सालीच्या वाखाची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकीला वापरायचे, कारण ती भडकत नाही, धुमसत राहते. पळस, साग, आवळा, मोह हेही बऱ्यापैकी सोसतात. पण सोसणं म्हणजे काय ते जवळून बघायचं असेल, तर उतारावरच्या कुठल्याही मोठ्या झाडाच्या वरच्या अंगाला जा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या बाजूला. वरून घरंगळलेला पाला, काटक्या तिथेच बुंध्याला अडतात. आग आली की बाकी झाडाला चाटून जाते, तिथे मात्र चुलीसारखी बसते. म्हणून जळकी जखम बहुधा त्याच बाजूला सापडते, खाली रुंद, वर निमुळती. पुढच्या वेळी उघड्या लाकडाला साल नसते, आग आत शिरते, जखम ढोल होते. चार-पाच वेळा हे झालं की एखाद्या वाऱ्याच्या रात्री झाड आडवं होतं, आणि लोक म्हणतात वादळाने पडलं.

जखम किती ताजी, झाड जिवंत की मेलेलं, हे कळायला सोपा उपाय आहे. कोयत्याच्या टोकाने नखाएवढी साल खरवडा. आत हिरवट, ओलसर लागलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर त्या बाजूने गेलेलं. चारही बाजूंनी तपासा, एकाच बाजूने निकाल देऊ नका.

आता जे सहजी परत येत नाहीत त्यांच्याबद्दल. जांभूळ, अंजनी (आपल्याकडची निळ्या फुलांची, खानदेशातला अंजन वेगळा), कोकम, देवराईतले सदाहरित वृक्ष. यांची साल पातळ, आणि लहान रोपं तर एका वणव्यात संपतात. त्यात जांभळाचं किंवा कोकमाचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहणारं नव्हे. ओलं असताना, थोड्या दिवसांत रुजलं तर रुजलं, वाळलं की मेलं. म्हणजे मागच्या वर्षीच्या बियांची शिल्लक जमिनीत नसतेच. जवळपास आईझाड जिवंत हवं, आणि फळ खाऊन बी टाकणारं कुणीतरी हवं: बुलबुल, धनेश, उदमांजर, वटवाघूळ. तुमच्या ओढ्याच्या घळीत आग शिरली नसेल अशी मला आशा आहे. ओली घळ, मोठ्या दगडांचा पुंजका, देवाची जागा अशी बेटं बहुतेक वणव्यांत वाचतात, आणि पुढचं जंगल त्या बेटांमधून पसरतं. आधी ती बेटं शोधून नकाशावर काढा.

दर दोन-तीन वर्षांनी जळणारा डोंगर कसा ओळखायचा? वर थोडी मोठी झाडं असतात, खाली गुडघाभर फुटवे असतात, आणि मधलं काहीच नसतं. मनगटाएवढ्या, पोटरीएवढ्या खोडांची पिढीच गायब. आपल्या डोंगराकडच्या वाड्यांसारखं चित्र, म्हातारी माणसं आणि लहान पोरं घरी, मधले सगळे मुंबईला. वरचं एकेक झाड पडत जातं आणि त्याची जागा घ्यायला कुणी नसतं. मी डोंगरावर पाय ठेवला की आधी ही मधली पिढी शोधते. ती दिसली तर आग तुरळक असणार. नसली तर गावकऱ्यांनी 'कधीतरीच लागते' असं सांगितलं तरी मी मान डोलावते आणि वहीत दुसरं लिहिते.

मोकळ्या झालेल्या जागेत आणखी काही पाहुणे शिरतात. घाणेरी जळाली तरी बुडातून फुटते आणि तिची फळं बुलबुलच पसरवतात, जे बुलबुल जांभळासाठी मित्र म्हटले तेच. रानमोडीचं बी वाऱ्यावर येतं. पावसाळ्यात ती दाट माजते, उन्हाळ्यात वाळून पुढच्या वणव्याचं सरपण होते, आणि आगीनंतर पुन्हा पहिल्यांदा तीच उभी राहते. तुमच्याकडे अजून रानमोडीची चार-दोन झुडपंच असतील तर या पावसाळ्यात, फुलायच्या आत, मुळासकट उपटा. जमीन ओली असताना एक माणूस दिवसात खूप काम करतो. हातभर वाढून बी धरलं की तेच काम दहा पट होतं.

आता गवताचं. 'जाळलं की गवत चांगलं येतं' हे सपशेल खोटं नाही, म्हणून तर टिकून आहे. जुनं वाळकं गवत गेलं की ठोंबाच्या बुडाशी ऊन पोचतं, राखेतून पालाश, चुना, थोडा स्फुरद मिळतो, कोंब कोवळे आणि एकसारखे येतात, गुरं आवडीने खातात. पण पाल्यातलं बरंचसं नत्र धुरावाटे हवेत गेलेलं असतं, आणि उघड्या उतारावरची राख पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जाते. जूनमध्ये ओढ्याचं पाणी काळसर आलं असेल, ती तुमचीच राख. बुडाशी ऊन पोचवायचं काम विळाही करतो, वर गवताचे भारे हातात पडतात.

शिवाय कुठलं गवत येतं हेही बघा. वारंवार जाळणं आणि त्यावर लगेच चराई असं चक्र चाललं की पवन्या, मारवेल ही गुरांची आवडती गवतं मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. का, ते कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन थुंकीने ओलं केलंत तर कळेल. त्याची लांब काळी शेपटी पिळलेली असते. ओल लागली की ती उलगडत गरगर फिरते, वाळली की पुन्हा पिळ घेते, आणि टोकदार बी गिरमिटासारखं मातीत घुसत जातं. आग येते तेव्हा कुसळीचं बी आधीच जमिनीत जाऊन बसलेलं असतं. मला हे बी फार आवडतं, मोज्यांतून काढावं लागतं तेव्हा सोडून.

रोपांबद्दल मी इतकी कडक का, त्यालाही कारण आहे, आणि चूक माझीच होती. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका उतारावर सातशे रोपं लावली. चर खणले, पाणी घातलं, चराईबंदी केली. तीन वर्षांत रोपं छातीला आली आणि चराई बंद असल्यामुळे गवतही छातीला आलं. खालून आणि दोन्ही बाजूंनी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढलेला पट्टा, काढली होती. वरची बाजू सोडली, कारण आग वर चढते, खाली कशाला येईल, असा माझा हिशोब. आग माथ्यावरून आली. खाली सावकाश उतरते खरी, पण पेटलेले ओंडके आणि शेणाच्या गोवऱ्या घरंगळत खाली येतात, आणि जिथे थांबतात तिथून नवी आग वर चढायला लागते. दुपारपर्यंत सातशेतली साठ-सत्तर रोपं उरली. तीन वर्षं साठवलेल्या गवताने ती आग शेजारच्या, दरसाल जळणाऱ्या डोंगरापेक्षाही तापट झाली होती. शेजारच्या डोंगरावरचे जुने फुटवे मात्र त्या जुलैत नेहमीसारखे उठले. त्यांची मुळं पन्नास वर्षांची, माझ्या रोपांची तीन.

म्हणजे नुसती राखण केली आणि गवत तसंच ठेवलं, तर तुम्ही पुढच्या वणव्यासाठी इंधन साठवताय. राखायचं असेल तर गवत कापायलाच हवं.

आता ऑक्टोबरचं काम. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. सुतळीने असे आठ-दहा चौकोन आखा, वेगवेगळ्या जागी: ओढ्याजवळ, मधल्या उतारावर, माथ्याखाली. मनाला भावतील तिथे आखू नका, नाहीतर सगळे सावलीत येतील. प्रत्येक चौकोनात जिवंत फुटवे असलेले बुंधे किती, खरी रोपं किती, घाणेरी-रानमोडी किती, एवढंच मोजा. एका बुंध्यातून आठ फुटवे आले तरी बुंधा एकच धरा. गुंठ्याला दहा-अकरा जिवंत बुंधे निघाले तर एकरी चारशे-साडेचारशे झाले. तीन-तीन मीटरवर खड्डे घेऊन रोपं लावली असती तरी एकरी साधारण साडेचारशेच बसली असती. तेवढी झाडं, तीही तयार मुळांची, तुमच्याकडे आधीच लावलेली आहेत. गुंठ्याला दोन-तीनच निघाले तर त्या पट्ट्यापुरता लागवडीचा विचार करू.

फुटव्यांची विरळणी लगेच करू नका. पहिल्या पावसाळ्यात सगळी पानं मुळाला अन्न पाठवत असतात, त्यांची गरज आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हिवाळ्यात, जमिनीच्या अगदी जवळून फुटलेले सरळ, जोमदार असे एक-दोन ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने छाटा. जुन्या खुंटाच्या उंच भागावर फुटलेले ठेवू नका, खुंट कुजला की ते मोडतात.

गुरांचं काय? जळालेल्या जागेवर कोवळं गवत येतं म्हणून आजूबाजूची सगळी गुरं तिकडेच वळतात, आणि गवताबरोबर फुटव्यांचे शेंडे जातात. आगीनंतरचे पहिले दोन पावसाळे तरी चराईबंदी हवी. ती काटेरी तारेने होत नाही, मी तारा चोरीला गेलेल्याही पाहिल्यात आणि वाकवलेल्याही. ज्यांची गुरं येतात त्यांच्या घरी जाऊन चहा प्या. चरायला बंदी, पण कापून न्यायला फुकट, असा सौदा मांडा. नोव्हेंबरपासून तेच लोक विळे घेऊन येतील, गवत कमी होईल, आणि ज्याच्या गोठ्यात तुमचं गवत रचलेलं आहे तो आगीची बातमी तुम्हाला पहिल्यांदा देईल. माझ्या अनुभवात डोंगर वाचवणारी सगळ्यात खात्रीची गोष्ट हीच आहे.

जाळरेषा चारही बाजूंनी, रस्त्याच्या अंगाला जास्त रुंद. मी निदान वीस फूट धरते, चढावर तीस. कापून, पाला ओढून, तांबडी माती दिसेपर्यंत. जाळून रेषा काढायचा मोह होतो, पण सवयीची माणसं आणि वनखात्याशी बोलणं झाल्याशिवाय ते करू नका. तुमच्या हद्दीला राखीव जंगल लागून असेल तर ठिणगी पलीकडे गेल्यावर १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली तुम्हीच आरोपी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम संपलेलं हवं, आणि मार्चमध्ये वाळका पाला पुन्हा एकदा झाडून काढायला हवा, हे लोक विसरतात. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक गावातल्या पाच-सहा जणांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते, तिथेही नाव नोंदवा. पण उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच डोक्यावरून जातो, तासाभरात विझणारी गवताची आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. गोठ्यातला माणूस जास्त भरवशाचा.

विझवायला गेलात तर आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. बाजूने, जळालेल्या भागाकडे पाठ ठेवून, ओल्या फांद्यांनी झोडपत पुढे सरका. धूर बघून तरुण पोरं थेट चढावर धावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

लागवड करायचीच झाली तर पुढच्या जूनमध्ये आणि नेमक्या जागी. पहिली जागा ओढ्याची घळ आणि तिच्या कडा. दुसरी करवंदीच्या जाळ्या. करवंद जळालं तरी बुडातून येतं, काट्यांमुळे गुरं तोंड घालत नाहीत, आणि आत सावली, ओल, पाला सगळं असतं. जुन्या जाळीत डोकं घालून बघा, जांभूळ, अंजनी, असाणा यांची आपोआप आलेली रोपं सापडतील. निसर्गाने हा पिंजरा फुकट दिलाय. जूनमध्ये जांभळं खाऊन बिया दोन-चार दिवसांत, वाळू न देता, तिथेच मातीत दाबा. रोपवाटिकेतल्या पिशवीपेक्षा ते स्वस्त आणि माझ्या मते चांगलंही. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ कुणी देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. गिरिपुष्पाचे उतार पुण्याभोवती पुष्कळ आहेत, हिरवे दिसतात, पण आत शिरलात तर एकाच झाडाची रांग आणि खाली फारसं काही नाही.

आणि माथ्याजवळ कातळ, चार बोटं माती असलेली जागा असेल तर ती गवताचीच राहू द्या. प्रत्येक माळ म्हणजे मेलेलं जंगल नसतं. तिथे एप्रिल-मेमध्ये टिटवी आणि रातवा जमिनीवर अंडी घालतात, म्हणून आग तिथेही नकोच, पण झाडंही नकोत.

काय अपेक्षा ठेवायची? पुढची आग अडवता आली तर दोन-तीन वर्षांत धायटी, मुरुडशेंग यांनी भरलेलं, चालायला अवघड असं रान दिसेल. लोक म्हणतील नुसतं झुडूप माजलंय. माजू द्या. सात-आठ वर्षांत ऐनाचे, आवळ्याचे फुटवे डोक्यावर जातील आणि त्यांची साल आगीला थोडं तोंड देण्याइतकी जाड व्हायला लागेल, म्हणजे ती हरवलेली मधली पिढी. त्यांच्या सावलीत गवत विरळ होतं, मग वणव्याचं खाद्यच कमी होतं. जांभूळ-अंजनीचं दाट रान मात्र तुमच्या हयातीत घळीपासून शे-दोनशे फूट सरकलं तरी मी त्याला यश म्हणेन. आणि यात मध्येच चौथ्या-पाचव्या वर्षी आग लागली तर हिशोब शून्यावर जात नाही, पण बराच मागे येतो. फुटवे पुन्हा येतील, रोपं गेलेली असतील.

राहता राहिले हजार रोपं देणारे गृहस्थ. त्यांना तोडून टाकू नका. या वर्षी जमीन तयार नाही म्हणा, आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी विळा घेऊन जाळरेषेचं गवत कापायला बोलवा. आले, तर पुढच्या जूनमध्ये त्यांच्याकडून पन्नास रोपं घ्यायला माझी हरकत नाही.